जोडीने बँकॉकला जाताना

आग्नेय आशियातील प्रवासाबद्दल या सदरात लिहिल्यानंतर जी पत्रे आली, त्यांतील चार पत्रे समलिंगी आणि पारलिंगी वाचकांची व एका आईची आहेत. चारही पत्रे बँकॉकबद्दल असल्याने या वेळचे सदर पूर्णपणे त्यांच्यासाठी ठेवले आहे. पत्रलेखकांची नावे आणि त्यांची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

प्रश्न : आम्ही दोघे पुरुष गेली सहा वर्षे एकत्र राहतो. घरच्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या लेखी आम्ही भाडे वाटून घेणारे मित्र आहोत. येत्या हिवाळ्यात बँकॉकला जायचे ठरवले आहे. परदेशी जाण्याची दोघांचीही ही पहिलीच वेळ आहे. हॉटेलात एकाच मोठ्या पलंगाची खोली मागितली तर अडचण येईल का? रात्री कुठे जावे? आम्ही फारसे पिणाऱ्यांतले नाही. फसवणूक होते असे ऐकतो, तेव्हा सावध कसे राहावे? आणि आपल्याकडचे ओळखीचे कोणी तिथे भेटले तर काय करावे, ही भीती मनातून जात नाही. (पुणे)

उत्तर : पलंगाच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तो लिहिताना तुमचा हात किती अडखळला असेल याची मला कल्पना आहे. बँकॉकमधील हॉटेले प्रत्येक परदेशी पाहुण्याचा पासपोर्ट पाहतात, कारण त्याची नोंद सरकारला कळवणे त्यांना कायद्याने बंधनकारक आहे. मात्र त्या दोन पासपोर्टवरील माणसांचे एकमेकांशी नाते काय, हे कोणी विचारत नाही. आरक्षण करतानाच मोठ्या पलंगाची खोली निवडा. क्वचित स्वागतकक्षातील कर्मचारी, आरक्षणात चूक झाली असावी असे समजून, दोन पलंगांची खोली देऊ का असे विचारतो. त्यामागे संशय नसतो, सौजन्य असते, आणि 'नको, हीच हवी' एवढे उत्तर त्याला पुरते. हे वाक्य पहिल्यांदा मोठ्याने उच्चारणे तुम्हाला जड जाईल, पण दुसऱ्या हॉटेलात ते तितके जड जाणार नाही.

रात्रीसाठी तुम्हाला हवा असलेला भाग म्हणजे सिलोम. या शब्दाचा थाई भाषेतील अर्थ पवनचक्की. आज तिथे दिवसा बँकांची आणि कचेऱ्यांची वर्दळ असते आणि संध्याकाळी पदपथावर खाण्याच्या गाड्या लागतात. उन्नत रेल्वेचे साला देंग हे स्थानक आणि भुयारी रेल्वेचे सिलोम हे स्थानक एकमेकांना जोडलेले आहेत, आणि तिथून काही मिनिटांच्या अंतरावर दोन छोट्या गल्ल्या आहेत. गल्लीला थाई भाषेत 'सोई' म्हणतात. सिलोम सोई चार आणि सिलोम सोई दोन या दोन गल्ल्या कित्येक दशके शहरातील समलिंगी पुरुषांच्या भेटीगाठींचे ठिकाण आहेत.

तुम्ही पिणारे नाही असे लिहिले आहे, म्हणून तुम्हाला सोई चार अधिक मानवेल. इथल्या बारची टेबले गल्लीतच मांडलेली असतात. आठ-साडेआठला जाऊन बसावे, जेवण मागवावे, सोबत लिंबूसोडा घ्यावा आणि येणारी-जाणारी माणसे पाहावीत. त्यासाठी कोणी तुम्हाला वेगळे समजणार नाही. टेलिफोन पब हे तिथले जुने नाव १९८०च्या दशकापासून चालत आलेले आहे. तिथे एकेकाळी प्रत्येक टेबलावर क्रमांक लिहिलेला दूरध्वनी असे आणि समोरच्या टेबलावरचा माणूस आवडला तर त्याला तिथूनच फोन करता येई. मोबाइलवरील अॅप येण्याच्या कितीतरी आधी लाजाळू माणसांसाठी केलेली ही सोय मला फार माणुसकीची वाटते. त्याच गल्लीत स्ट्रेंजर नावाचा छोटा बार ड्रॅग कलाकारांच्या कार्यक्रमांसाठी ओळखला जातो. स्त्रीवेश आणि पुरुषवेश यांच्या या कलेला प्रेक्षकाची दाद लागते. कार्यक्रम आवडला तर कलाकाराच्या हातात वीस-पन्नास बाट जरूर ठेवावेत, कारण त्यांच्या कमाईचा मोठा भाग यातूनच येतो.

सोई दोन ही पुढे बंद होणारी गल्ली आहे. डीजे स्टेशन हा तिथला सर्वांत प्रसिद्ध नृत्यक्लब. तिथे मध्यरात्रीच्या थोडा आधी कॅबरेचा छोटा कार्यक्रम होतो आणि नंतर नाच. थायलंडमध्ये अशा ठिकाणी प्रवेशासाठी वयाची वीस वर्षे पूर्ण असावी लागतात आणि ओळखपत्र पाहिले जाते, तेव्हा पासपोर्ट किंवा निदान त्याची स्पष्ट प्रत जवळ ठेवावी. प्रवेशशुल्कात बहुधा एखाद्या पेयाचे कूपन मिळते आणि ते बिनमद्याच्या पेयासाठीही चालते. संगीताचा आवाज मोठा असतो आणि गर्दी दाटीची असते. तुम्हाला आवडले नाही तर अर्ध्या तासात बाहेर पडावे आणि त्यात काही गमावले असे मानू नये. शनिवार-रविवारऐवजी मंगळवार-बुधवारी गेलात तर श्वास घ्यायला जागा मिळेल. क्लब आणि बार यांचे मालक, जागा आणि वेळा बदलत राहतात, त्यामुळे निघण्याच्या आठवड्यात एकदा खात्री करून घ्यावी.

आता सावधगिरीबद्दल. बँकॉकमध्ये तुम्हाला धोका असलाच तर तो समलिंगी म्हणून नाही, अनोळखी पर्यटक म्हणून आहे, आणि हा फरक मनात पक्का ठेवला तर तुमची निम्मी भीती कमी होईल. थायलंडमध्ये पुरुषांमधील संबंधांवरील गुन्ह्याचे कलम १९५६ मध्येच गेले. आपल्याकडे त्यासाठी ६ सप्टेंबर २०१८ उजाडावा लागला. पोलिसाचे नाव काढून लुबाडणे, घरी सांगेन अशी धमकी देऊन पैसे उकळणे, ही आपल्या शहरांमध्ये अनेकांनी सोसलेली गोष्ट तिथे त्याच रूपात तुमच्या वाट्याला येण्याचे कारण उरत नाही. मात्र सिलोमच्या शेजारीच पॅटपाँगचा रात्रबाजार आहे आणि तिथे हातात छापील दरपत्रक घेऊन 'वरच्या मजल्यावर कार्यक्रम आहे' असे सांगत मागे लागणारे दलाल असतात. त्यांच्यासोबत वर जाऊ नये. दरपत्रकावरचा आकडा आणि वरच्या मजल्यावर हाती पडणारे बिल यांचा काही संबंध नसतो, आणि बिल भरल्याशिवाय दार उघडत नाही असा अनुभव अनेक पर्यटकांना आलेला आहे. असे काही घडलेच तर ११५५ हा पर्यटक पोलिसांचा क्रमांक आहे आणि तिथे इंग्रजीतून बोलता येते.

पॅटपाँगच्या आसपास जिथे तरुण मुले क्रमांक लावून मंचावर उभी राहतात असे बारही आहेत. तिथे जावे की नाही, हे तुम्ही ठरवायचे आहे, पण आत काय आहे हे माहीत असावे. देहविक्रय थायलंडमध्ये १९९६च्या कायद्याने आजही गुन्हा आहे, त्यामुळे पर्यटनाचा इतका पैसा ज्यांच्या जिवावर शहरात येतो, त्या मुलांना मालकाने किंवा गिऱ्हाइकाने छळले तर कायद्याचा आधार मागता येत नाही. 'स्विंग' नावाची संस्था याच परिसरात अशा कामगारांच्या आरोग्यासाठी आणि हक्कांसाठी काम करते. आपल्याकडच्या काही पुरुष पर्यटकांच्या टोळ्या या बारमध्ये ज्या पद्धतीने बोलतात, हात लावतात आणि न विचारता चित्रीकरण करतात, ते पाहून मला अनेकदा मान खाली घालावी लागली आहे. न विचारता एकही छायाचित्र काढू नका, एवढी माझी तुम्हाला आग्रहाची विनंती आहे. स्वतःचे गुपित सांभाळत जगणे म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

अॅपवरून ओळख झालेल्या कोणाला भेटायचे असेल तर आधी बारमध्ये किंवा कॉफीच्या दुकानात भेटावे. पैशाची अपेक्षा आहे का, हे आधीच स्पष्ट विचारून घ्यावे, कारण नंतरची बहुतेक भांडणे न बोललेल्या अपेक्षांतून होतात. पाहुणा हॉटेलात आला तर त्याचे ओळखपत्र स्वागतकक्षात ठेवून घेण्याची तिथे अनेक ठिकाणी पद्धत आहे आणि ती तुमच्याच हिताची आहे. ती टाळण्याचा प्रयत्न करणाऱ्याला वर नेऊ नये. आपला पेला नजरेआड होऊ देऊ नये. अमली पदार्थांच्या जवळपासही फिरकू नये. गांजाबद्दल २०२२ मध्ये नियम सैल झाल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील, पण २०२५ पासून तो पुन्हा वैद्यकीय कारणापुरता मर्यादित केला आहे. विजेवर चालणारी सिगारेट तर तिथे सरळ बेकायदा आहे, ती सामानात नेऊच नये. राजघराण्याबद्दल थट्टेनेही काही बोलू नये, त्यासाठी कठोर शिक्षेचा कायदा आहे.

आरोग्याविषयी तुम्ही विचारले नाही, तरीही लिहितो. थाई रेडक्रॉसचे निनावी तपासणी केंद्र १९९१ पासून रात्चदमरी रस्त्यावर चालू आहे आणि ते सिलोमपासून फार लांब नाही. एचआयव्हीची तपासणी तिथे नाव न सांगता होते. संसर्गाची शक्यता असलेला प्रसंग घडलाच तर प्रतिबंधक औषधे बहात्तर तासांच्या आत, आणि शक्य तितक्या लवकर, सुरू करावी लागतात. परत येऊन पुण्यात पाहू असे म्हणत थांबू नये.

आता तुमची शेवटची भीती. ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. मुंबईहून बँकॉक साडेचार तासांच्या विमानप्रवासावर आहे आणि हिवाळ्यात मराठी पर्यटकांचे गट तिथे मोठ्या संख्येने असतात. त्यांचे मुक्काम बहुधा प्रातुनामच्या कपडेबाजाराजवळ किंवा सुखुमवितच्या नाना-असोक भागात असतात, म्हणून तुम्ही सिलोम, साथोर्न किंवा उत्तरेकडील आरी या भागात राहावे. मात्र पॅटपाँगचा बाजार पाहायला हे गटही येतात, आणि तो बाजार सोई चारपासून चालत दोन-तीन मिनिटांवर आहे. तेव्हा कोणी समोर आलेच तर काय बोलायचे हे दोघांनी निघण्यापूर्वी बसून ठरवून ठेवावे. 'फिरायला आलो आहोत' हे वाक्य खरेही आहे आणि पुरेसेही. ऐनवेळी एकाने हात सोडला आणि दुसऱ्याच्या मनाला ते लागले, असे घडते. त्यापेक्षा तसा प्रसंग आला तर हात सोडला जाईल आणि त्याचा राग धरायचा नाही, हेही आधीच बोलून घ्यावे. जाण्यापूर्वी मोबाइलमधील छायाचित्रे घरच्यांच्या सामाईक साठ्यात आपोआप जात नाहीत ना, हे तपासा. पुष्कळांचे गुपित बँकॉकच्या गल्लीत फुटत नाही, ते घरच्या टीव्हीवर अचानक उमटलेल्या छायाचित्राने फुटते.

रस्त्यात हातात हात घालून चालायला तिथे हरकत नाही. चुंबन वगैरे मात्र थाई लोक स्त्री-पुरुष जोडप्यांचेही चारचौघांत पसंत करत नाहीत. एका सकाळी लवकर उठून सिलोमच्या टोकाला असलेल्या लुम्फिनी उद्यानात जा. तळ्याकाठी माणसाएवढ्या लांबीच्या घोरपडी निवांत फिरत असतात आणि कोणीही कोणाकडे वळून पाहत नाही. माझ्या मते तुम्हा दोघांना जे हवे आहे ते नृत्यक्लबपेक्षा तिथे अधिक सापडेल.

प्रश्न : आम्ही दोघी मैत्रिणी, म्हणजे जोडीदार, बँकॉकला जाणार आहोत. जिथे पाहावे तिथे पुरुषांच्याच जागांची माहिती मिळते. स्त्रियांसाठी काय आहे? (ठाणे)

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे, आणि ती फक्त बँकॉकपुरती नाही. रात्री घराबाहेर राहण्याचे स्वातंत्र्य आणि खर्च करायला हातात स्वतःचा पैसा, या दोन्ही गोष्टी पुरुषांना आधी मिळाल्या, म्हणून बारही त्यांचेच आधी उभे राहिले. केवळ स्त्रियांसाठी असलेल्या कायमच्या जागा बँकॉकमध्ये मोजक्याच झाल्या आणि त्या फार काळ टिकल्या नाहीत. त्याऐवजी ठरावीक रात्री एखादी जागा घेऊन स्त्रियांचे मेळावे भरतात आणि त्यांच्या तारखा इन्स्टाग्रामवर कळतात. सोई चारमध्ये तुम्हा दोघींना कोणी अडवणार नाही, पण तिथे पुरुषांच्या गर्दीत तुम्ही पाहुण्याच असाल.

तरीही तुम्हाला शहर परके वाटणार नाही, असे मला खात्रीने वाटते. थाई समाजात 'टॉम' आणि 'दी' हे दोन शब्द रोजच्या बोलण्यात आहेत. आखूड केस, पुरुषी कपडे अशा स्त्रीला टॉम म्हणतात आणि तिच्या जोडीदार मैत्रिणीला दी. 'लेडी' या इंग्रजी शब्दाचा उत्तरार्ध घेऊन दी हा शब्द झाला. अशा जोड्या तुम्हाला विद्यापीठांच्या परिसरात, सयाम या बाजारभागातील मॉलमध्ये, रेल्वेच्या डब्यात सहज दिसतील. अलीकडच्या काही वर्षांत दोन मुलींच्या प्रेमावरील थाई मालिकांना आशियाभर प्रेक्षक मिळाला आहे, त्यांतील अभिनेत्रींच्या भेटीचे कार्यक्रम मॉलमध्ये होतात आणि तिथे जमणाऱ्या मुलींच्या गर्दीत तुम्हाला ज्या ओळखी मिळतील त्या बारमध्ये मिळणार नाहीत. जूनमध्ये जाणे शक्य असेल तर समलिंगी आणि पारलिंगी लोकांची अभिमान (प्राइड) मिरवणूक पाहा. त्या मिरवणुकीचे आजचे रूप २०२२ मध्ये सिलोम रस्त्यावर सुरू झाले.

प्रश्न : मी पारलिंगी स्त्री आहे. माझ्या पासपोर्टवर अजून जुने नाव आणि 'पुरुष' अशी नोंद आहे. बँकॉक आमच्यासारख्यांचे माहेर आहे असे सगळे सांगतात. ते खरे आहे का? विमानतळावर अडवतील का? (नागपूर)

उत्तर : माहेर या शब्दावर मी बराच वेळ थांबलो. माहेर म्हणजे जिथे आपले मूळ नाव घेऊन हाक मारतात ती जागा; आणि नेमके नावाच्या बाबतीतच थायलंड आपल्या पारलिंगी लेकींना अजून घरात घेत नाही. तिथे पारलिंगी स्त्री दुकानात, रुग्णालयात, सौंदर्यप्रसाधनांच्या दालनात, दूरचित्रवाणीवर सर्वत्र दिसते. 'कथोय' हा तिच्यासाठीचा जुना शब्द आहे. काही जणी तो अभिमानाने वापरतात, काहींना तो बोचतो, म्हणून आपण होऊन तो वापरू नये. परंतु शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीच्याही ओळखपत्रावर नावाआधी 'नाय', म्हणजे श्रीयुत, हेच संबोधन राहते. लिंगनोंद बदलू देणारे विधेयक फेब्रुवारी २०२४ मध्ये थाई संसदेत नामंजूर झाले. २०११ पर्यंत सैन्यभरतीच्या कागदांवर त्यांना 'कायमचा मनोविकार' असा शेरा मिळत असे आणि तो न्यायालयात जाऊन थांबवावा लागला. २०१५च्या लिंगसमानता कायद्याने भेदभावाविरुद्ध दाद मागण्याची वाट काढली आहे, तरी बँकेतल्या किंवा सरकारी कचेरीतल्या नोकरीसाठी अर्ज करताना तो कागद आडवा येतोच. त्यामुळे ज्या कलाकार तुम्हाला कॅबरेच्या मंचावर झगमगताना दिसतील, त्यांच्यातील कितीजणींना तो मंच आवडीने मिळाला आणि कितीजणींना दुसरे दार बंद असल्यामुळे, हा विचार मनात असू द्यावा.

विमानतळाबद्दल सांगायचे तर, चेहरा आणि पासपोर्टवरील छायाचित्र यांत फरक दिसला तर अधिकारी एखादा प्रश्न विचारू शकतात, पण असे प्रवासी त्यांना नवे नाहीत. सध्याच्या रूपातील छायाचित्र असलेले आधार किंवा अन्य ओळखपत्र आणि जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळालेले पारलिंगी ओळखपत्र असेल तर तेही हाताशी ठेवावे. संप्रेरकांची औषधे चालू असतील तर डॉक्टरांचे इंग्रजीतील पत्र आणि मूळ वेष्टन सोबत असावे. विमानाचे तिकीट, हॉटेलचे आरक्षण आणि प्रवेशाचा अर्ज या तिन्ही ठिकाणी पासपोर्टवरचेच नाव लिहावे, ते कितीही नकोसे असले तरी. फरक पडला की प्रश्न तिथूनच सुरू होतात. मे २०२५ पासून हा अर्ज विमानात न भरता प्रवासाच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचा असतो आणि तो विनामूल्य आहे, त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळे बनावट असतात. भारतीयांसाठीचे व्हिसाचे नियम गेल्या काही वर्षांत वारंवार बदलले आहेत, ते थाई दूतावासाच्या संकेतस्थळावरच पाहावेत. पासपोर्टवरील नोंद बदलून घेण्याची प्रक्रिया सुरू केली असेल आणि घाई नसेल, तर नवा पासपोर्ट हाती आल्यावरच जावे, असे माझे मत आहे.

शस्त्रक्रियेची चौकशी करण्याचा विचार असल्याचे तुम्ही पत्राच्या शेवटी ओझरते लिहिले आहे. सहलीच्या भरात तो निर्णय घेऊ नये. बँकॉकचे शल्यचिकित्सक या कामात जगभर नावाजलेले आहेत, पण शस्त्रक्रियेनंतर अनेक आठवडे काळजी घ्यावी लागते आणि त्या काळात सोबतीला आपले माणूस लागते. 'टँजरीन' नावाचे पारलिंगी व्यक्तींसाठीचे आरोग्यकेंद्र २०१५ पासून बँकॉकमध्ये आहे. जिथे समोरची डॉक्टर तुमच्याकडे पाहून गोंधळत नाही असा दवाखाना एकदा पाहिला, तरी आपण आजवर किती कमी अपेक्षेत राहिलो हे लक्षात येते.

आणि एक गोष्ट, जी तुम्हाला विमानातून उतरल्या क्षणापासून उपयोगी पडेल. मराठीत 'मी जाते' म्हणताच आपण कोण ते ऐकणाऱ्याला कळते. हे क्रियापद पहिल्यांदा उच्चारण्यासाठी तुम्हाला किती धैर्य लागले असेल. थाई क्रियापदाला लिंग नसते, पण वाक्याच्या शेवटी आदरासाठी पुरुष 'क्रप' म्हणतो आणि स्त्री 'खा' म्हणते. 'सवातदी', म्हणजे आपलाच 'स्वस्ति', हा तिथला नमस्कार आहे. समोरच्याने कागदावर काहीही वाचलेले असो, तुम्ही 'सवातदी खा' म्हणा. तो तुम्हाला स्त्री म्हणूनच उत्तर देईल.

प्रश्न : माझ्या मुलाने गेल्या वर्षी मला सांगितले की तो समलिंगी आहे. मी त्याच्याशी बोलणे सोडले नाही, पण अजून सगळे समजलेले नाही. आता तो त्याच्या मित्राबरोबर बँकॉकला निघाला आहे. ते नाव ऐकल्यावर आमच्याकडे लोक डोळे मिचकावतात. तो तिथे काही वाईट मार्गाला तर लागणार नाही ना? आणि तिथे अशी लग्ने होतात असे वाचले, तेव्हा ते दोघे लग्न करून आले तर पुढे काय? (सांगली जिल्हा)

उत्तर : ताई, बोलणे सोडले नाही हे तुम्ही एका ओळीत लिहून टाकले आहे, पण अशा अनेक मुलांची पत्रे माझ्याकडे येतात आणि त्यांच्या आयांबद्दल ती जे लिहितात ते वाचल्यावर या एका ओळीचे मोल मला ठाऊक आहे.

बँकॉकचे नाव काढताच डोळे मिचकावणारी माणसे त्या शहराचा एक छोटा तुकडाच ओळखतात. थाई लोक आपल्या राजधानीला क्रुंग थेप म्हणतात, आणि त्यातला थेप म्हणजे आपला देव. देवांची नगरी असा त्या नावाचा अर्थ आहे. ज्या सिलोम रस्त्यावर तुमचा मुलगा संध्याकाळी जाईल, त्याच रस्त्यावर तमिळ लोकांनी एकोणिसाव्या शतकात बांधलेले मारियम्मन देवीचे देऊळ आहे आणि नवरात्रात देवीची मिरवणूक निघते तेव्हा तो रस्ता वाहनांना बंद करून फुलांनी आणि दिव्यांनी भरून जातो. आपल्या जोडीदाराबरोबर हॉटेलात राहून देवळे, नदी आणि बाजार पाहणारा, रात्री आपल्यासारख्या माणसांत दोन तास बसणारा मुलगा वाईट मार्गाला लागलेला नसतो. इथे तो ज्या दक्षतेने वागतो ती त्याला चार दिवस बाजूला ठेवता येणार आहे. एखाद्या मोठ्या शहरात कोणत्याही तरुणाने घ्यायची ती काळजी त्यानेही घ्यायची आहे आणि ती या सदरातील पहिल्या उत्तरात लिहिली आहे. ते उत्तर तुम्हीही वाचावे, त्यात तुम्हाला न समजणारे काही नाही.

लग्नाबद्दल तुम्ही वाचले ते खरे आहे. थायलंडच्या नागरी कायद्यात 'पती' आणि 'पत्नी' या शब्दांऐवजी 'जोडीदार' असा शब्द घातला गेला. कनिष्ठ सभागृहाने हा बदल मार्च २०२४ मध्ये आणि वरिष्ठ सभागृहाने १८ जून २०२४ रोजी मंजूर केला, राजाच्या संमतीनंतर २३ जानेवारी २०२५ पासून तो लागू झाला आणि पहिल्याच दिवशी देशभरात अठराशेहून अधिक जोडप्यांनी नोंदणी केली. त्यांतली कित्येक जोडपी वीस-वीस, तीस-तीस वर्षे एकत्र राहिलेली होती. इतकी वर्षे त्यांना जोडीदाराच्या आजारपणात शस्त्रक्रियेच्या कागदावर सही करण्याचा अधिकार नव्हता. ज्या देशाला पर्यटक इतका मोकळा समजत होते, त्या देशातल्या माणसांना एवढ्या साध्या गोष्टीसाठी दशकभराहून अधिक काळ झगडावे लागले, हे आपण लक्षात ठेवले पाहिजे.

परदेशी नागरिकांनाही तिथे विवाहनोंदणी करता येते, पण त्यासाठी आपल्या दूतावासाकडून अविवाहित असल्याचा दाखला आणि त्याचे थाई भाषांतर असे कागद लागतात. चार दिवसांच्या सहलीत ते सहज होत नाही. आणि झाले तरी भारतात त्याला कायद्याचा आधार नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला आणि जानेवारी २०२५ मध्ये पुनर्विचाराच्या याचिकाही फेटाळल्या. म्हणून तुमच्या काळजीचे स्वरूप मी थोडे बदलू इच्छितो. ते लग्न करून आले तर काय, यापेक्षा लग्न नसताना त्या दोघांपैकी एकाला काही झाले तर दुसऱ्याला कोण विचारणार, हा प्रश्न मोठा आहे. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे की समलिंगी जोडीदारांना संयुक्त बँक खाते उघडण्यास आणि एकमेकांना नामनिर्देशित करण्यास कोणतीही आडकाठी नाही. मुलाला हे माहीत आहे का, ते विचारा. प्रवासाचा विमा काढला आहे का आणि त्यावर कोणाचे नाव घातले आहे, हेही विचारा. एका आईने हे प्रश्न विचारणे, म्हणजे त्याचे घर आपण घर मानले आहे असे त्याला न बोलता सांगणे आहे.

बँकॉकचे घड्याळ आपल्या दीड तास पुढे असते. तुम्ही रात्री साडेनऊला जेवण आवरून फोन कराल तेव्हा तिथे अकरा वाजलेले असतील आणि तो गोंगाटात असेल, त्याला ऐकू येणार नाही, आणि तुम्ही उगाच घाबराल. सकाळी फोन करत जा. निघण्यापूर्वी हॉटेलचा पत्ता लिहून घ्या, आणि त्याबरोबर त्याच्या मित्राचा दूरध्वनी क्रमांकही मागून घ्या. तुमच्या पत्रात त्या मुलाचे नाव कुठेही नाही. क्रमांक जतन करताना ते लागेल.